मोसमाच्या तोंडावर टीटीचा खेळ बिघडल्यासारखा का दिसतो?

जून उजाडला की कोकणातली मैदानं पाण्याखाली जातात. क्रिकेट थांबतं, कबड्डीच्या मातीचा चिखल होतो आणि शाळेच्या हॉलमधल्या, नाहीतर एखाद्या क्लबाच्या माडीवरच्या टेबल टेनिसच्या, म्हणजे टीटीच्या, टेबलांभोवती गर्दी वाढते. पुढे शालेय स्पर्धा असतात, संघटनांच्या मानांकन स्पर्धा असतात, त्यामुळे नव्या मोसमाची तयारी नेमकी पावसातच चालते. आणि याच दिवसांत पालक प्रशिक्षकाला जिन्यात गाठतात. सिंधुदुर्गात प्रश्न साधारण असा येतो: "सर, चेडवाक नुसता पळवतास कित्याक? खेळवतलास कधी?" म्हणजे मुलीला नुसतं पळवता कशाला, खेळवणार कधी?

तक्रार खोटी नसते. एप्रिलमध्ये सरळ गेममध्ये जिंकणारी मुलगी जुलैत ओळखीच्याच मुलीकडून हरते. टेबलावरचा वेळ कमी झालेला असतो, दोरीवरच्या उड्या वाढलेल्या असतात, आणि टेबलावर असते तेव्हाही निम्मे चेंडू नेटमध्ये जातात. फी भरणाऱ्याला वाटणारच की काहीतरी चुकतंय. बहुतेक वेळा काही चुकत नसतं. ते का, हे समजायला आधी या खेळात खेळाडूच्या हातात वेळ किती असतो ते पाहावं लागेल.

सेकंदाच्या तिसऱ्या हिश्श्यात काय काय उरकायचं?

टेबल २.७४ मीटर लांब असतं. दोन्ही खेळाडू टेबलापासून अर्धा-अर्धा मीटर मागे उभे आहेत असं धरलं, तर चेंडूचा प्रवास पावणेचार मीटरचा. सरावातल्या मुलांच्या रॅलीत चेंडूचा सरासरी वेग सेकंदाला दहा मीटर धरू. ढोबळ हिशेबाने हाती उरतात ०.३७ सेकंद.

आता दुसरी बाजू. नुसता दिवा लागलेला पाहून बटण दाबायचं एवढंच काम असलं, तरी निरोगी माणसाला ०.२ सेकंदांच्या आसपास वेळ लागतो. दोन-तीन पर्यायांतून एक निवडायचा असेल तर आणखी जास्त. त्यानंतर पाऊल टाकायचं, कंबर वळवायची, बॅट चेंडूपर्यंत आणायची. बेरीज जमत नाही. चेंडू नेटवरून अलीकडे आल्यावर विचार सुरू करणारा खेळाडू कितीही चपळ असला, तरी त्याला उशीरच होणार.

चांगले खेळाडू यातून वाट काढतात ती आधी पाहून. समोरच्याची बॅट चेंडूला कुठल्या कोनात लागली, वरून खाली आली की खालून वर गेली, खांदा कुणीकडे वळला, एवढ्यावरून चेंडू कुठे आणि कसा येणार याचा अंदाज ते बांधतात आणि चेंडू निघण्याच्या सुमारासच हलायला लागतात. बघणाऱ्याला वाटतं, काय विजेसारखे हात आहेत! हात बरे असतातच, पण खरं काम डोळ्यांनी आणि पायांनी आधीच केलेलं असतं.

फिरकी: चेंडूच्या आतली लपवाछपवी

अंदाज फक्त दिशेचा बांधायचा असता तर खेळ बराच सोपा झाला असता. अडचण फिरकीची, म्हणजे स्पिनची आहे. ४० मिलिमीटर व्यासाचा, अवघ्या २.७ ग्रॅम वजनाचा प्लास्टिकचा चेंडू वरच्या दर्जाच्या खेळाडूकडून सेकंदाला शंभराहून जास्त फेरे घेत निघू शकतो. पुढच्या दिशेने फिरणारा चेंडू, म्हणजे टॉपस्पिन, हवेत लवकर खाली झुकतो आणि टेबलावर पडून पुढे झेपावतो. उलट फिरणारा, म्हणजे बॅकस्पिन, तरंगत येतो आणि बॅटला लागला की खाली नेटमध्ये जातो. फिरत्या चेंडूचा मार्ग हवेमुळे असा वाकण्याला मॅग्नस परिणाम म्हणतात. नाव विसरलात तरी चालेल. लक्षात ठेवायचं ते एवढंच, की दोन चेंडू दिसायला सारखे असतात आणि त्यांना उत्तर मात्र पूर्ण वेगळं द्यावं लागतं.

त्यात बॅटवरच्या रबरांच्या जाती. काही रबरं फिरकी पकडतात, काही जवळजवळ पकडतच नाहीत, लांब पिंपलची, म्हणजे बाहेर लांब दाणे असलेली रबरं तर समोरच्याचीच फिरकी त्याला परत पाठवतात. २०२४ मध्ये बुसानच्या जागतिक सांघिक स्पर्धेत भारताच्या ऐहिका मुखर्जीने तेव्हा जगात पहिल्या क्रमांकावर असलेल्या सून यिंगशाला हरवलं. फिरकी फारशी न पकडणारं तिच्या बॅकहँडचं रबर त्या दिवशी चिनी खेळाडूला शेवटपर्यंत नीट उमगलं नाही. जगातल्या सर्वोत्तम खेळाडूचं असं होत असेल, तर जिल्हा स्पर्धेत पहिल्यांदाच पिंपलवाली मुलगी समोर आल्यावर आपल्या मुलीचा गोंधळ उडतो यात लाजण्यासारखं काही नाही. पण त्याची तयारी मोसमाआधी करता येते आणि करायला हवी.

सगळं एकदम का करत नाहीत?

कोकणातल्या माणसाला हे भातावरून पटकन कळेल. उन्हाळ्यात भाजावळ, म्हणजे शेत भाजणं, पहिल्या पावसावर पेरणी, तरवा, म्हणजे रोपं, वाढू द्यायचा, मग चिखल करून लावणी. तरवा बोटभर असताना कुणी लावणी करत नाही, आणि लावणीच्या दिवसांत भाजावळ करायला बसत नाही. कष्ट तेवढेच पडले, पण क्रम चुकला तर पीक येत नाही.

खेळातही वर्षाचे असे टप्पे पाडतात. सोव्हिएत संघातल्या लेव मातव्हेयेव यांनी १९६०च्या दशकात ही पद्धत नीट मांडली. इंग्रजीत तिला पीरियडायझेशन म्हणतात, आपण टप्प्यांची तयारी म्हणू. पहिल्या टप्प्यात शरीर: दोरीवरच्या उड्या, बैठका, पोटाचे आणि पाठीचे व्यायाम, आडवी पावलं. वजनं उचलण्याची मुलांना घाई नको, स्वतःच्या अंगाचं वजन पुरतं. टीटी एका बाजूचा खेळ आहे. उजव्या हाताने खेळणाऱ्याचा उजवा खांदा आणि कंबरेची एकच बाजू वर्षभर राबते, म्हणून दुसऱ्या बाजूलाही काम देणं इथे गरजेचं असतं. दुसऱ्या टप्प्यात फटके दुरुस्त करायचे, नवे शिकायचे. तिसऱ्यात ते खेळात मिसळायचे. चौथ्यात सामने.

वाढत्या वयाच्या मुलांत आणखी एक गोष्ट असते, जी पालकांच्या रोज डोळ्यांसमोर असून लक्षात येत नाही. वर्षभरात मूल सात-आठ सेंटिमीटर वाढलं तर त्याचा हात लांबतो, डोळे टेबलापासून वर जातात आणि जुनं अंतर चुकायला लागतं. टेबल मात्र ७६ सेंटिमीटरवरच असतं. अशा मुलाला गुडघे जास्त वाकवायला आणि चेंडूपासूनचं अंतर नव्याने बसवायला महिना-दोन महिने लागले, तर तो आळस नव्हे.

सरावात छान म्हणजे शिकलं असं नाही

माझ्या मते सगळ्या विषयाचं मर्म इथे आहे आणि गैरसमजही इथेच सर्वांत जास्त आहेत.

समजा, मुलगी एकाच कोपऱ्यातून शंभर फोरहँड मारते. सर चेंडू तिथेच देतात, ती तसाच परत करते. वीस-पंचवीस चेंडूंनंतर लय लागते, एकही चुकत नाही, बाकावर बसलेली आई खूश होते. दुसऱ्या दिवशी सर चेंडू कुठेही देतात: एक फोरहँडला, दोन बॅकहँडला, एक पोटावर, एक नेटलगत आखूड. मुलगी चुकत राहते, वैतागते. दोन्हींपैकी कुठल्या दिवशी ती जास्त शिकली?

शे आणि मॉर्गन या संशोधकांनी १९७९ साली असाच प्रश्न एका साध्या प्रयोगात विचारला. हातात टेनिसचा चेंडू धरून छोटे लाकडी अडथळे ठरलेल्या क्रमाने पाडायचे, असं काम होतं आणि क्रम तीन प्रकारचे होते. एका गटाने एक प्रकार पूर्ण करून मग दुसरा घेतला. दुसऱ्या गटाने तिन्ही सरमिसळ केले. सराव चालू असताना पहिला गट सरस दिसला. दहा दिवसांनी परत तपासलं तेव्हा सरमिसळ करणाऱ्यांनाच जास्त चांगलं येत होतं. पुढे अनेक खेळांत आणि कौशल्यांत हे तपासलं गेलं. परिणाम सगळीकडे तितकाच ठळक निघाला नाही, विशेषतः अगदी नवख्या मुलांमध्ये, पण मूळ मुद्दा टिकून आहे.

कारण समजायला कठीण नाही. एकसारख्या चेंडूंत डोक्याला निर्णय घ्यावाच लागत नाही, हात एकदा लावलेल्या चालीवर चालत राहतो. सरमिसळीत प्रत्येक चेंडूला पहा, ओळखा, निवडा, हला, मारा हे सगळं नव्याने करावं लागतं. आणि वर पाहिलं तसं, सामन्यातली अडचण ओळखण्या-निवडण्याचीच असते.

म्हणून शहाणा प्रशिक्षक नवा फटका शिकवताना आधी एकसारखे चेंडू देतो आणि फटका बसला की मुद्दाम घोळ घालायला लागतो. मधली पायरी म्हणून फाल्केनबर्ग नावाचा स्वीडिश सराव जगभर वापरतात: बॅकहँडच्या कोपऱ्यातून एक बॅकहँड, तिथेच पाय वळवून एक फोरहँड, मग धावत जाऊन दुसऱ्या टोकाचा फोरहँड, आणि परत पहिल्यापासून. क्रम ठरलेला असतो, पाय मात्र क्षणभर थांबत नाहीत. पुढे मल्टिबॉल येतो. टोपलीत शंभरेक चेंडू घेऊन सर एकामागून एक देत राहतात, फिरकी आणि जागा बदलत. या टप्प्यावर मुलांचा खेळ बाहेरून सर्वांत वाईट दिसतो, आणि पालक सरांना गाठतात तेही नेमके याच आठवड्यांत.

"पण सामने खेळूनच सामना येतो ना?"

येतो, फक्त सामन्यात कुणी नवा फटका करून बघत नाही. गुण पणाला लागले की मूल ज्यावर भरवसा आहे तेच करतं, आणि कच्ची बाजू झाकून ठेवायला शिकतं. ज्या मुलीचा बॅकहँड कच्चा आहे ती पावसाळाभर सामनेच खेळली, तर ऑगस्टमध्ये ती बॅकहँड टाळण्यात पटाईत झालेली असेल. तालुक्याला हे खपून जातं. राज्य स्पर्धेत समोरची मुलगी दोन गेममध्ये ओळखते आणि मग प्रत्येक चेंडू तिथेच येतो.

याचा अर्थ दोन महिने गुणच मोजू नयेत असाही नाही. खोटे सामने खेळवता येतात: ९-९ पासून सुरू करायचं, किंवा तिसऱ्या चेंडूवर, म्हणजे आपली सर्व्हिस परत आल्यावरच्या पहिल्या फटक्यात, हल्ला केला तरच गुण. दबाव थोडा राहतो आणि शिकायचं तेही सुटत नाही.

सर्व्हिसचं मोल तर नियमांनीच वाढवलं आहे. २००१ मध्ये गेम २१ऐवजी ११ गुणांचा झाला आणि पाचऐवजी दोन-दोन सर्व्हिस आल्या. ११-९ने संपलेल्या गेममध्ये प्रत्येकाला फक्त दहा सर्व्हिस मिळतात. त्यातल्या दोन फुकट गेल्या तर भरून काढायला जागा राहत नाही. चेंडू उघड्या तळहातावरून किमान १६ सेंटिमीटर वर उडाला पाहिजे, म्हणजे नेटच्या १५.२५ सेंटिमीटर उंचीपेक्षा किंचित जास्त, आणि तो समोरच्याला पूर्ण वेळ दिसला पाहिजे. हा भाग एकट्याने करता येतो, जोडीदार लागत नाही. तरी सगळ्यात कमी सराव याचाच होतो, कारण तो कंटाळवाणा आहे.

पावसाळी हवेत चेंडू का घसरतो?

रत्नागिरीत वर्षाकाठी तीन हजार मिलिमीटरच्या पुढे पाऊस पडतो आणि जुलैत कपडे चार-चार दिवस वाळत नाहीत. टीटीच्या रबराचंही तेच होतं. "हवा जड झाली, म्हणून चेंडू जात नाही" असं हॉलमध्ये हमखास ऐकू येतं. ते खरं नाही. पाण्याची वाफ कोरड्या हवेपेक्षा हलकी असते, त्यामुळे दमट हवा उलट किंचित विरळच असते. फरक एक-दोन टक्क्यांचा, खेळणाऱ्याला तो कळणारही नाही.

खरी भानगड रबराच्या पृष्ठभागावर होते. फिरकी घर्षणातून येते. रबरावर ओलाव्याचा अगदी पातळ थर बसला की चेंडू पकडला जाण्याऐवजी घसरतो. जी टॉपस्पिन मे महिन्यात नेटवरून आरामात जात होती ती आता नेटमध्ये बसते. शिवाय ब्लेड, म्हणजे बॅटचं लाकूड, ओल धरतं आणि थोडं जड, बोथट लागतं. त्यात पंखे बंद ठेवावे लागतात, कारण इतका हलका चेंडू वाऱ्याने हलतो. मग घाम मनगटावरून मुठीत आणि तिथून चेंडूवर. गुळगुळीत लादीला ओल सुटली तर पाय सटकायची भीती वेगळी. तिथे सराव थांबवून फडकं मारणं हाच नियम असावा.

उपाय साधे आहेत. बॅट बंद कव्हरमध्ये, रबरावर प्लास्टिकचा पातळ कागद चिकटवून, आत सिलिका जेलच्या पुड्या टाकून ठेवायची. खेळताना दोन सुती फडकी लागतात: एक अंगाला, एक फक्त चेंडू आणि रबर पुसायला. नियमाने गेममध्ये दर सहा गुणांनंतर टॉवेल घेता येतो. तो घ्यायची सवय सरावातच लावावी, कारण सामन्याच्या धांदलीत मुलं विसरतात. फटक्यातही बदल करावा लागतो. ओल असलेल्या दिवशी चेंडूला नुसतं घासून भागत नाही, थोडं आत शिरून मारावं लागतं. म्हणजे आमचा पाऊस ही एक जादाची परीक्षा आहे. कोरड्या हॉलमध्येच वाढलेल्या मुलांना ती फुकट मिळत नाही, असं मी थोड्या अभिमानाने म्हणेन.

महागडं रबर घेतलं तर?

मोसमाआधी दुकानात जाणारे पालक बरेच असतात. चेंडू जोरात उडवणारं रबर नवख्या हाताला चेंडू टेबलावर ठेवू देत नाही. मूल मग फटका अर्धवट मारायला लागतं आणि ती सवय नंतर सुटता सुटत नाही. रबर बदलायचंच असेल तर तयारीच्या सुरुवातीला बदलावं, स्पर्धेच्या आठवड्यात कधीच नाही. ते आंतरराष्ट्रीय संघटनेने मान्य केलेलं असावं आणि त्यावरचं चिन्ह मुठीजवळ दिसलं पाहिजे. एक बाजू काळी हवीच. दुसरी पूर्वी लालच असायची, २०२१पासून निळी, हिरवी, गुलाबी, जांभळीही चालते. रबराला तेलं, रसायनं लावून ते फुगवण्याच्या क्लृप्त्या नियमात बसत नाहीत. वाफा सोडणारा जलद गोंद तर २००८मध्येच बंद झाला.

गणपतीत सराव बुडतो, त्याचं काय?

कोकणात गणपतीत सराव बुडणारच. चाकरमानी आलेले, घर भरलेलं, आरत्या चाललेल्या, आणि हॉलची चावी ज्यांच्याकडे तेही गावी. मी कितीतरी प्रशिक्षकांना यावर चरफडताना पाहिलं आहे. चरफडण्यापेक्षा तयारीचं वेळापत्रकच त्याभोवती आखावं. व्यायामाने शरीर थकतं, आणि विश्रांतीत ते आधीपेक्षा थोडं वरच्या पातळीवर भरून येतं. म्हणून तीन-चार आठवडे चढता सराव आणि मग एक हलका आठवडा, ही जगभरची रीत आहे. तो हलका आठवडा गौरी-गणपतीवर बसवा. त्याआधीचे दोन आठवडे कसून घ्या. सुट्टीत रोज पंधरा मिनिटं पडवीत शॅडो, म्हणजे चेंडूविना नुसते पाय आणि फटके, एवढं पुरे. मोदकांवरून मुलाला बोलू नका.

मोठ्या खेळाडूंना असा मोसम असतो का?

फारसा नाही. जागतिक क्रमवारीत साधारणपणे मागच्या ५२ आठवड्यांतल्या सर्वोत्तम आठ निकालांचे गुण धरतात आणि वर्ष झालं की ते गळतात. त्यामुळे वर्षभर कुठे ना कुठे खेळावं लागतं. तयारीचे तुकडे स्पर्धांच्या मधल्या दोन-तीन आठवड्यांत बसवतात. आपल्या मुलांना सलग अडीच-तीन महिने मिळतात, ही खरं तर चैन आहे. ते सामन्यांत उधळू नयेत.

शेवटचे दहा दिवस

इथे सगळं उलटं होतं. व्यायाम कमी, नवं काही नाही, टेबलावर सामने आणि सर्व्हिस-रिसीव्ह. सराव छोटा, पण पूर्ण वेगाने. स्पर्धा ज्या वेळी सुरू होते त्याच वेळी घेतलेला उत्तम, कारण संध्याकाळी सहाला खेळणाऱ्या मुलाचं अंग सकाळी साडेआठला जागं झालेलं नसतं. या दिवसांत खेळ परत जुळून आलेला दिसायला हवा. तोही दिसला नाही, तर मात्र पालकांनी सरांना जरूर विचारावं, आणि "का हरली" यापेक्षा "या दोन महिन्यांत नवं काय शिकली" असं विचारावं. ज्यांच्याकडे योजना असते ते नेमकं सांगतात.

मुंबई-पुण्याला जायचं असेल तर कोकण रेल्वेचं पावसाळी वेळापत्रक बघून निघा. या दिवसांत गाड्या हळू धावतात आणि दरड आली तर सगळंच लांबतं. शक्य असेल तर एक दिवस आधी पोहोचा. बॅट हाताशी असलेल्या पिशवीतच ठेवा, फडकी जोडीने घ्या, आणि पोहोचल्यावर पहिल्यांदा हॉल बघून या: लादी कशी आहे, दिवे कुठे आहेत, वातानुकूलन आहे का. गार, कोरड्या हॉलमध्ये रबर पुन्हा चेंडू पकडायला लागतं आणि दोन महिने ओलीत खेळलेल्या मुलीचे पहिले चार-पाच टॉपस्पिन टेबलाबाहेर जातात. नॉकिंगला, म्हणजे सामन्याआधी चेंडू मारून बघायला, दहा मिनिटं जास्त मिळाली तर ते तिथेच दुरुस्त होतं.